तंकमणीची उलटी चाल

तंकमणी सुंभ वळते, म्हणजे पोटासाठी उलटी चालते. कमरेला काथ्या खोचायचा, रहाटाकडे तोंड करायचं आणि हातातून सुंभ सोडत मागे मागे जायचं. केरळातल्या आलप्पुळाच्या कालव्याकाठी निम्म्या बायका अशाच जगल्या. तरी गाडी मागे घ्यायची म्हटलं की ही बाई हमखास अडायची.

गाडीच्या परवान्याच्या परीक्षेला मैदानात खांब रोवून इंग्रजी एच आखलेला असे. पुढे ती झोकात जाई. मागे येताना भीतीनं मान वळे, मानेबरोबर हात वळत आणि खांब आडवा! दर वेळी हेच. थोरली म्हणून सगळे तिला चेची म्हणत. आता पोरं ‘एच-चेची’ म्हणू लागली. चहावाला विचारी, "आज किती पाडले, चेची?" ती हसे आणि घरी तारली मासे साफ करताना सुरीवर राग काढी.

परवाना तिला मिरवायला नको होता. तिच्या बचत गटातल्या बायकांनी टेंपो घेतला होता, पण भाड्याचा चालक शशी काथ्याचे भारे हमरस्त्यावरच टाकून जाई. "आत वळायला जागा नाही. एवढं उलटं आत कोण जाणार?" मग तिथून शेडपर्यंत भारे बायकांच्या डोक्यावर. तिचा रहाट फिरवणाऱ्या ओमनाची तर मानच धरली होती. या खेपेलाही तंकमणी नापास झाली तर टेंपो कायमचा शशीच्या हाती द्यायचा, असं बैठकीत ठरलं.

आदल्या दिवशी ती वळता वळता सारखी मागे बघू लागली. सुंभ तुटला. ओमना रहाट थांबवून खेकसली, "काय गं चेची, उभा जन्म उलटी चाललीस, कधी मागे वळून बघितलंस?"

"उद्याची धास्ती गं."

"मग उद्याही सुंभच वळ!"

तंकमणीनं तुटलेला सुंभ जोडला आणि मागे न बघता पुन्हा चालू लागली.

मैदानात तिनं मान हलूच दिली नाही. आरशात खांबांची रांग दिसत होती. तोच आपला सुंभ, असं मानून ती सावकाश मागे सरकली. गाडी थांबली तेव्हा सगळे खांब उभे होते.

"अम्मा, आज एखादा पाडायचा विसरलात?" परीक्षा घेणारे साहेब म्हणाले.

"आधीचे पुष्कळ झाले, सर!" म्हणताना तिला रडूच फुटलं. उरली रस्त्यावरची चाचणी, त्यात तर ती आधीपासूनच पक्की होती.

परवाना हाती आला त्या दिवशी टेंपो हमरस्त्यावर थांबला नाही. भाऱ्यांसकट उलटा आत शिरला. टपरीवर शशीचा चहा हातातच राहिला.

शेडच्या दारातून ओमना किंचाळली, "चेची, मागे बघ! कालवा आहे!"

"तू बघ," तंकमणी आरशावरची नजर न काढता म्हणाली. "मी सुंभ वळतेय."

आणि भारे थेट रहाटापाशी उतरले.