ताडपत्रीमागची भिंत

आयर्लंडमधल्या किलकेनीपासून अर्ध्या तासावर असलेल्या आमच्या गावात पाहण्यासारखं काहीही नाही, हे गावकरीच आधी सांगून टाकतात. त्यामुळे फ्रान्सच्या नैऋत्य कोपऱ्यातल्या एका खेड्याशी ‘जुळं गाव’ म्हणून नातं जुळलं, तेव्हा आनंदापेक्षा धास्तीच जास्त पसरली. त्यांनी पुढे पाठवलेल्या पुस्तिकेत जुनं दगडी चर्च होतं, ओढ्यावरचा छपराखालचा धुण्याचा घाट होता, द्राक्षमळे होते. आमच्याकडे दोन पब आणि एक दुकान.

गावच्या समितीच्या अध्यक्षबाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी मला दुकानात गाठलं. “तुला फ्रेंच येतं म्हणे.” मार्क चांगले पडतात या एकमेव कारणासाठी मी पुण्यात बारावीपर्यंत फ्रेंच घेतलं होतं. त्या भाषेत कोणाशी बोलावं लागेल, अशी शंकासुद्धा तेव्हा आली नव्हती. बायको म्हणाली, “जा की. तुम्ही सॉफ्टवेअरवाले एरवी तरी कुठे समजेल असं बोलता?”

खरी अडचण चर्चसमोरच्या भिंतीची होती. दुमजली घराएवढी उंच काँक्रीटची भिंत, दोन्ही बाजूंना उतरत्या आखूड भिंती, वर छप्पर नाही. इथे पूर्वी हँडबॉल चाले, म्हणजे तळहाताने चेंडू भिंतीवर मारायचा. आता शेवाळ होतं. ती पाडून गाड्यांसाठी जागा करायची, असं समितीत जवळपास ठरलं होतं. पाहुणे परतले की मतदान. विरोधात एकटे आमचे शेजारी, ऐंशीकडे झुकलेले विधुर. ती भिंत त्यांच्या वडिलांनी आणि गावच्या माणसांनी दिवसभराची कामं आटोपून, गाढवांच्या गाड्यांतून नदीची वाळू आणून बांधली होती.

“पाहुण्यांना ती तुरुंगासारखी दिसेल,” अध्यक्षबाई म्हणाल्या, आणि ती झाकायचं ठरलं. एवढी लांब शिडी गावात एकच होती, तीही शेजाऱ्यांची. त्यामुळे ताडपत्री बांधायचं काम त्यांच्याकडेच आलं. मी शिडी धरली.

“बापाच्या तोंडावर चादर ओढल्यासारखं वाटतंय,” ते वरून म्हणाले. मग थोड्या वेळाने, “ते दुसरं टोक दे इकडे.” ताडपत्रीवर आम्ही दोन्ही देशांचे झेंडे आणि मी भाषांतर केलेला स्वागताचा फलक लावला.

पाहुणे आले. त्यांचे महापौर म्हणजे आपल्या भाषेत सरपंचच, छातीवर तिरंगी पट्टा घातलेले. चर्चच्या अंगणात त्यांनी आपल्या गावाची कथा सांगितली. धुण्याच्या घाटावरचे दगड बायकांच्या गुडघ्यांनी कसे झिजलेत, युद्धस्मारकावर जेवढी नावं आहेत तेवढी घरंही आता गावात उघडी नाहीत. भाषणांचं मला वावडं आहे. पण हा माणूस भाषण विसरून गावाबद्दल बोलत होता, आणि भाषांतर करता करता माझं फ्रेंचही सुधारल्यासारखं वाटलं.

मग ते चौकात आले, ताडपत्रीसमोर थांबले, पट्टा सरळ केला आणि माझ्या कानात काहीतरी बोलले.

“काय म्हणतात?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

“विचारताहेत, अनावरण आत्ताच करायचं का?”

“कशाचं अनावरण?”

“मागे जे काही आहे त्याचं. दोरी कुठली ओढायची, तेही विचारताहेत.”

महाराष्ट्रात वाढलेल्या मला यात नवल वाटलं नाही. झाकलेली, झेंडे लावलेली वस्तू दिसली की पुढाऱ्याचा हात आपोआप पुढे होतो. पण जन्मभर शाळा गप्प बसवलेल्या बाईंना प्रथमच शब्द सापडत नव्हता. “त्यांना सांग... सांग त्यांना...”

“सांग त्यांना, दोरी माझ्याकडे आहे,” मागून शेजारी म्हणाले. गाठ त्यांचीच होती. त्यांनी ती एका झटक्यात सोडवली आणि दोरीचं टोक सरपंचांच्या हातात दिलं.

ताडपत्री फुलांच्या कुंड्यांवर कोसळली. शेवाळलेली भिंत उघडी पडली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सरपंच पुढे गेले आणि त्यांनी भिंतीवर तळहात टेकवला.

“आमच्याकडेही आहे,” ते म्हणाले, आणि मी मोठ्याने इंग्रजीत सांगत गेलो. “अशीच, चर्चला टेकून. गावाचा सगळा इतिहास तिच्यासमोर घडला. भांडणं, लग्नं, सगळं. प्रार्थनेच्या वेळी खेळ बंद करा म्हणून पाद्री ओरडायचे, आणि कोणी ऐकायचं नाही.”

“इथेही नाही ऐकायचे,” शेजारी म्हणाले.

सरपंचांनी चेंडू मागितला. तो शेजाऱ्यांच्या कोटाच्या खिशात होता. का होता, हे मी अजूनही विचारलेलं नाही.

पट्टा माझ्या गळ्यात टाकून सरपंच खेळायला उतरले. दोन म्हातारे, उघडे तळहात, आणि चेंडूचा तो टणक आवाज. थोड्या वेळाने शेजारी धापा टाकत माझ्याजवळ आले. “त्याचा डावा हात कच्चा आहे. याचं भाषांतर करू नकोस.”

माझ्या मुलीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर आयरिश वळणाच्या इंग्रजीत येतं. तिने माझी बाही ओढली. “डॅड, आर वी विनिंग?”

“हो,” मी म्हणालो. “आपणच.”

भिंत कोणी बांधली, असं सरपंचांनी शेवटी विचारलं. शेजाऱ्यांनी वडिलांबद्दल, वाळूबद्दल सांगितलं. त्यावर सरपंचांनी लांबलचक भाषण केलं. एरवी अशा वेळी मी घड्याळाकडे बघतो. त्या दिवशी मी शब्दन् शब्द पोचवला, आणि एक वाक्य पदरचंही घातलं: एवढं मोठं स्मारक जपल्याबद्दल समितीचे विशेष आभार.

अध्यक्षबाईंनी मान तुकवून ते स्वीकारले.

पुढच्या बैठकीत पार्किंगचा विषय निघाला तेव्हा त्याच म्हणाल्या, “फ्रान्सच्या महापौरांनी अनावरण केलेली वस्तू आपण पाडायची? लोक काय म्हणतील? पुढचा विषय.” शेजारी फक्त “ग्रँड” म्हणाले. इथे हवा, चहा आणि मोडलेला पाय, सगळंच ग्रँड, म्हणजे ‘ठीक’ असतं. पण त्या दिवशी तो शब्द पहिल्यांदाच आपल्या मापाच्या जागी बसला.

बाईंनी समितीची ताडपत्री मात्र परत मागितली. शेजाऱ्यांनी ती सरपणावर घातली होती.

“देता येणार नाही,” ते म्हणाले. “ती आता वारशात मोडते.”