चांदीला आंघोळ घातली, तो दिवस

परवा कापडे गावाच्या वरच्या वाडीत एका म्हशीच्या अंगावरचे गोचीड गोळा करायला गेले होते... आणि म्हैस शिंगांना तेल लावून माझी वाट बघत उभी होती.

मी प्राणिशास्त्र शिकलेली, मुंबईच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत काम करते. आमचा प्रश्न साधा आहे. जनावर जितकं मोठं, तितक्या त्याच्या अंगावर राहणाऱ्या किड्यांच्या जाती जास्त असतात का? उंदीर झाले, मांजर झालं, शेळ्या झाल्या. तक्त्यातली सगळ्यांत वरची ओळ तेवढी रिकामी होती... आणि संध्याकाळच्या मोटारीने मला परत निघायचं होतं.

वाडीतली सर्वांत थोराड म्हैस सरूकाकींची, नाव चांदी. बाई म्हैस बघायला येणार, असा निरोप आदल्या दिवशीच गेला होता. इथे जनावर कुणी बघायला येणार म्हटलं की त्याला धुतात. काकींनी चांदीला ओढ्यावर नेऊन पेंढ्याच्या बोळ्याने घासलं होतं.

मी फणी, चिमटा आणि बाटल्या काढल्या. तासभर शोधलं... शून्य.

"गोचीड? माज्या म्हशीला? नाय गो बाय!" काकी म्हणाल्या. "त्या धोंडीकडं जा. तिच्या म्हशीला असतील."

कुडापलीकडून शेजारच्या धोंडीबाई ओरडल्या, "माजी बी कालच धुतलीय!"

मी गोठ्याच्या पायरीवर बसून वही उघडली. एवढ्यात काकी माझ्या मानेकडे बघत म्हणाल्या, "हालू नको." आणि त्यांनी कानामागून एक टपोरा गोचीड उपटून माझ्या तळहातावर ठेवला... मी तो बाटलीत टाकला. यजमान प्राणी या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं.

"काय लिवलंस?"

मी ते सांगितलं, मग तक्ताही समजावला. मोठ्या घरात वस्तीला जास्त जण मावतात, तसंच जनावराचं. म्हैस सगळ्यांच्या वर यायला हवी. पण चांदीला काहीच निघालं नाही, म्हणजे कागदावर ती उंदराच्या खाली जाणार.

"उंदराच्या खाली?"

खरं तर धुतलेल्या म्हशीची नोंद मी बादच केली असती. पण ते मी बोलले नाही...

काकी तडक घरात गेल्या आणि एक करवंटी घेऊन आल्या. आत घासलेट, आणि घासलेटात काल चांदीच्या अंगावरून वेचलेले सगळे. मोठे गोचीड, बारीक गोचीड, उवा, शिवाय एक चपटी माशी. एकही चिरडलेला नव्हता. माझ्या प्रयोगशाळेतही इतकं नेटकं काम रोज होत नाही.

"माज्या म्हशीला कमी नाय काय," काकी म्हणाल्या. "मोज."

मी मोजत होते, तोवर धोंडीबाई कुडाला वळसा घालून आल्या. त्यांच्या हातातही करवंटी होती. "हिचे झाले की माजे. आनि माजी चांदीपरीस लहान नाय, ते बी लिव."

मोटार कशीबशी गाठली. आता तक्ता पूर्ण आहे आणि सगळ्यांत वरच्या ओळीत चांदीचं नाव आहे. इतक्या अभिमानाने गोचीड मला आजवर कुणी दिले नव्हते, काकी.

मानेवरचा तो एक अजून वेगळ्या बाटलीत आहे. तोही चांदीचाच, असं काकींनी निघताना बजावलं होतं... काल वहीतलं माझं नाव खोडलं.