जळगावात कानस हाती आली

शिरपूरजवळचं आमचं गाव सोडलं त्या सकाळी आबा, म्हणजे माझे वडील, एसटीच्या खिडकीपाशी उभे होते. गाडी हलली तेव्हा एवढंच म्हणाले, “तठे लाज धरू नको पोरी, काम धर.”

ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, जळगावच्या एका लाकूड ठेकेदाराकडे झाडं तोडायचं काम मिळालं होतं. गावात आम्ही कुऱ्हाडीने बाभळी तोडायचो. इथे पेट्रोलवरचं मशीन, लांब पात्याभोवती दातेरी चैन फिरवणारं. पत्र्याच्या खोलीत ते मशीन आमच्यासोबतच राहायचं. पेट्रोलच्या वासाने पहिला महिनाभर मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या वर्षी बोथट चैनवर जोर देताना मशीन उसळलं आणि ह्यांचा डावा हात फाटला. जखम भरली, पण दोन बोटं वळेनात. मशीन धरणं संपलं, आणि पात्यावर चैन धरून धारेसाठी कानस चालवणंही. ठेकेदाराने त्यांना लाकडं मोजायला बसवलं. आठ दिवसांनी मीच चैन मांडीवर घेतली आणि म्हटलं, “सांगा.”

त्यांनी शिकवलं. गोल कानस एकाच दिशेने ढकलायची. प्रत्येक दाताला सारखेच हात द्यायचे. एक बाजू जास्त घासली की मशीन लाकडात तिरकं जातं. माझी बोटं कितीदा कापली, विचारू नका.

तोडणाऱ्यांत सगळ्यांत जुने नाना. बाईने घासलेली चैन ते लावणार नाहीत म्हणून ह्यांनी माझ्या हातची एक चैन काही न सांगता त्यांना दिली. संध्याकाळी नाना दारात. “हाई चैन कोनी घासी?”

मी म्हटलं, “मी.”

नानांनी खिशातून लाकडाचा चुरा काढून दाखवला. बोथट चैन पीठ पाडते. हे चांगले जाड सोललेले तुकडे होते. “आते मनी बी तूच घास,” म्हणाले आणि स्वतःची चैन ओट्यावर ठेवून गेले.

आता अमळनेर, वरणगावहून चैनी येतात. ह्यांची बोटं तशीच आहेत, पण धार तेच तपासतात, नखावर.

दिवाळीला माहेरी गेले होते. तिसऱ्या दिवशी आबांनी मी परत कधी जाणार ते सहज विचारलं, “घर कव्हय जाशी व?”

मी बसले होते त्यांच्याच ओट्यावर. ‘हेच तर घर,’ असं तोंडावर आलं होतं. पण मी म्हणाले, “उद्या. चार चैनी घासायच्या पडल्यात.”