जावेची चकती

माझी धाकटी जाऊ मला अहोजाहो करते, सणाला वाकून नमस्कार करते आणि कारखान्यात माझ्यापेक्षा चांगलं चुंबक करते. पहिल्या दोन गोष्टींमुळे तिसरीवरून भांडताही येत नाही, हे माझं दुखणं.

किकवीहून आम्ही दोघी एकाच स्कूटीवर सारोळ्याजवळच्या कारखान्यात जातो. गाड्यांच्या मोटरींत बसणारी निओडिमियमची चुंबकं तिथं तयार होतात. मी बी.एस्सी., आधी लागलेली. ती वेल्ह्याची, एम.टेक. लग्न होऊन आली तेव्हा साहेबांकडे तिचा विषय मीच काढला. आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला, दुसरं काय.

यंदा कारखान्यात नवा गरम प्रेस आला. चुंबकाच्या भुकटीची घट्ट वडी करायची, ती लालबुंद तापवायची आणि वरून दाबून चपटी चकती करायची. त्या दाबाखाली आतले अतिबारीक कणही चपटे होतात, एकावर एक नीट बसतात, आणि चुंबकाचा सगळा जोर दाबाच्या दिशेनं एकवटतो. हा प्रेस सांभाळायला एकच बाई हवी होती. मला ती जागा हवी होती. देवापुढं हात जोडले तरी डोळ्यांसमोर प्रेसच यायचा.

साहेबांनी दोघींना एकेक चकती करायला सांगितली. मी सावकाश दाबली. माझी चकती इतकी गुळगुळीत उतरली की साहेबांनी ती हातात फिरवून फिरवून पाहिली. जावेनं भराभर दाबली आणि तिच्या चकतीच्या कडेला चिरा गेल्या. मला आनंद झाला, कशाला लपवू? त्या संध्याकाळी सगळ्यांच्या भाकऱ्या मीच थापल्या, तेही गाणं गुणगुणत.

मग पुण्याहून मायक्रोस्कोपचे फोटो आले. माझ्या चकतीतले कण जास्त वेळ उष्णतेत राहून जाडजूड झाले होते. तिचे मात्र पातळ आणि बारीक राहिले होते. मोटर चालताना जेवढी तापते तेवढं दोन्ही चकत्यांना तापवून पाहिलं. माझ्या चुंबकाचा जोर ओसरला, तिच्या चुंबकाचा टिकला. चिरलेली कड घासून काढता येते, पण एकदा वाढलेला कण पुन्हा बारीक होत नाही. हे मलाही ठाऊक होतं. मी चिरांना भ्याले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिच्यावर चिडावं तर तिनं वाकडं काहीच केलं नव्हतं. तरी चिडले. तिचं हळू बोलणं, फोटोवर बोट ठेवून "ह्ये बघा ताई" म्हणणं, तिची ती घट्ट घातलेली वेणीसुद्धा मला सोसेना.

साहेब म्हणाले, "दोघी एकाच घरच्या. तुमचं तुम्ही ठरवा, मला कुणीही चालेल."

सुटल्यावर स्कूटीपाशी धाकटी जाऊ म्हणाली, "ताई, तुमी थोरल्या. तुमीच घ्या प्रेस. मी मागं राहीन, किती येळ दाबायचं तेवढं सांगत जाईन."

मनातल्या मनात मी हो म्हणून मोकळी झाले होते. पण आमच्याकडे पहिल्या खेपेला कुणी हो म्हणत नाही. ताटात पोळी पडायला आली की आधी हात आडवा धरायचा, वाढणारीनं आग्रह करायचा, आणि मग कुठं "बरं, अर्धी वाढा" म्हणायचं. त्याच सवयीनं माझ्या तोंडून गेलं, "छे गं, मला न्हाई जमायचं. तूच घे." आणि ती पुन्हा कधी म्हणते याची वाट बघत मी उभी राहिले.

आमच्या जावेच्या आग्रहाची सगळ्या पाहुण्यारावळ्यांना धास्ती आहे. समोरच्याचा आडवा हात बाजूला सारून ती पुरणपोळी वाढते.

"बरं ताई," ती म्हणाली, आणि तिनं स्कूटी सुरू केली.