पट्टी झेलायचा प्रयोग

लेकीनं अकरावीच्या प्रयोगासाठी स्टीलची पट्टी माझ्या बोटांमध्ये उभी धरली. "बाबा, मी न सांगता सोडणार. तुम्ही पकडायची." मी पकडली, आणि कानडी मुलखातल्या आमच्या येलहंक्याच्या घरातले अण्णा आठवले.

तेव्हा अकरावीत मी होतो. गल्लीतल्या पोरांचा चेंडू एका हातानं झेलणारे माझे वडील, अण्णा. पण त्या संध्याकाळी पट्टी दरवेळी त्यांच्या बोटांतून निसटून फरशीवर खणकन आपटत होती. "अरे, स्वल्प, थोडं सांगून सोड की!" म्हणत ते हसले. मीही हसलो. त्यांच्या हातांतलं बळ तेव्हाच ओसरायला लागलं होतं, हे डॉक्टरांनी फार उशिरा सांगितलं.

शेवटी दवाखान्यात त्यांचा गार पडलेला हात माझ्या हातात होता. तो सोडावा लागला. सांगून सोडणं मला जमलं नाही.