एका सर्व्हरला दोन पत्ते

नातवंडं मला मोबाइल शिकवायला बसतात तेव्हा मी भोळा चेहरा करते. पन्नाशीत मात्र मला भलताच माज होता. पांढुर्ण्याला आमच्या संत्र्या-कापसाच्या पेढीवर सर्व्हर मी सांभाळत होती, आणि गळ्यात पेनड्राइव्ह अडकवून मंगळसूत्रापेक्षा मोठा दागिना मिरवावा तशी हिंडत होती.

भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, सौंसरची शाखा पाहत. ती बंद पडली आणि ते आपले कॉम्प्युटर घेऊन आमच्या बाजूच्या खोलीत आले, तोंड आंबट करून. त्यांचा सर्व्हर जुनाट, म्हणून आम्ही तो बंद केला. पण त्यांच्या बिलाच्या प्रोग्राममध्ये त्याचाच आकड्यांचा पत्ता पक्का बसवलेला, आणि तो बदलून द्यायला कोणी येईना. मग मी आमच्या सर्व्हरच्या नेटवर्क कार्डाला मूळ पत्त्यासोबत सौंसरचा पत्ताही देऊन टाकला. कार्ड एक, तार एक, दोन्ही हाकांना ओ. बिलं निघू लागली.

भासऱ्यांना ते खुपलं. भासरे भावजयीशी थेट बोलत नाहीत. माझ्यासमोर उभे राहून ते नवऱ्याला म्हणाले, "तिले सांग, आमची बिलं एक डाव जरी अडली, तर खुर्ची माह्या लेकाची."

मी भिंतीला म्हटलं, "त्यायले सांगा, लेकाले आधी खुर्चीत जागं राहाले शिकवा."

दसऱ्याला नेमकी सौंसरची बिलं अडली. स्क्रीनवर आलं की हा पत्ता आणखी एका मशीनकडे आहे. बाजूच्या खोलीत गेली तर जुना सर्व्हर चौरंगावर, झेंडूची माळ घालून, तार लावून चालू. पुजलेलं यंत्र बंद ठेवू नये म्हणून भासऱ्यांनीच तो सुरू केला होता. एकाच पत्त्यावर दोघं ओ देत होते.

शहाण्या बाईनं तिथंच सांगितलं असतं. मी अतिशहाणी. जुन्या सर्व्हरची नेटवर्कची तार गुपचूप काढली आणि वरचे दिवे लुकलुकत ठेवले, म्हातारा खूश राहील म्हणून. बिलं निघाली.

भासऱ्यांनी दिवे पाहिले. "पाह्य, आमची मशीन पुजली अन् काम सुरू झालं. आता तुह्या बायकोचं काय काम हाय?"

पुजलेल्या मशीनला मी हात लावला, हे पूजेला आलेल्या सासूबाईंसमोर कोणत्या तोंडानं सांगणार होती? संध्याकाळी पुतण्या माझ्या खुर्चीत बसला. आपली मशीन सगळं करून राहिली, मग ही दुसरी कशाला जाळायची, म्हणून त्यानं आमचा सर्व्हरच बंद केला. सकाळी दोन्ही खोल्या मुक्या, बाहेर संत्र्याच्या गाड्या उभ्या आणि ड्रायव्हर शिव्या देत होते.

नवरा घरी आला. "चाल, बोलावून राहिले."

"खुर्ची रिकामी झाली का?"

"झाली."

मी गेली. आमचा सर्व्हर चालू केला, मग भासऱ्यांच्या डोळ्यांदेखत त्यांच्या लुकलुकत्या पेटीची विजेची वायर उपटली. तरी दोन्ही खोल्यांतली बिलं निघाली, गाड्या गेल्या, खुर्ची माझी राहिली. भासऱ्यांनी मात्र त्या दिवसापासून नवऱ्यामार्फत बोलणंही सोडलं.