पंगतीतला रुसवा

पंक्चरच्या दुकानातल्या सोल्युशनचा वास आला, की मला माझ्या लग्नाची पंगत आठवते. आमच्याकडे नवरदेव पंगतीत रुसून बसे आणि सासऱ्यानं काही देऊ केलं, की मगच घास घेई. आधी अंगठीवर भागायचं, पुढे मनगटी घड्याळ आलं आणि साठ सालानंतर कळंबपासून घाटंजीपर्यंत जो तो सायकलसाठी रुसू लागला. "घड्याळ कोन मांगते आता बे? सायकल म्हन," शेजारी बसलेला मित्र माझ्या कानाशी लागला. मी तसं म्हणालो आणि हात मांडीवर ठेवून बसलो. पानातलं वरण निवलं, मागची पंगत खोळंबली. सासरे गावोगावच्या बाजारात लुगडी विकायचे. ते उठले, कॅरियरवरचं लुगड्यांचं गाठोडं सोडून ओसरीवर ठेवलं आणि स्वतःचीच सायकल मांडवात आणून उभी केली. सकाळीच काढलेल्या पंक्चरचा वास तिला येत होता. "जेवा जावईबापू," ते म्हणाले, "मांगचा ब्रेक लागत नाही, उताराले पाय टेकत जा." मी जेवलो, बुंदी मागूनही घेतली. पुढे घाटंजीच्या बाजाराला निघताना बायकोला "बस मांगं" म्हटलं, की ती म्हणायची, "बाबा आता गाठोडं घेऊन पायीच निंगाले असन." ती चालत राही आणि मी सायकल हातात धरून तिच्या बाजूनं. ती सायकल केव्हाच मोडीत गेली. बाजाराला आम्ही दोघं अजून पायीच जातो.